सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवला तर?

ज्यांना कानाला इअरफोन लावायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त "अं", "म्हणजे" आणि मधला रिक्षाचा आवाज काढून टाकलाय.

सुरुवात महाडपासून करू. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र, धो धो पाऊस, सावित्रीला पूर. मुंबई-गोवा महामार्गावर तेव्हा सावित्रीवर दोन पूल शेजारी शेजारी होते. एक नवा, आणि दुसरा इंग्रजांच्या काळातला दगडी, १९२८ सालचा. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या त्या जुन्या पुलावरून जायच्या. मध्यरात्रीच्या आधी कधीतरी तो पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक तवेरा नदीत गेली. जवळपास चाळीस माणसं गेली. पुढचे कितीतरी दिवस शोध चालू होता, एसटी शोधायला तीनशे किलोचं लोहचुंबक पाण्यात सोडलं होतं, ते टीव्हीवर पाहिलेलं अनेकांना आठवत असेल.

मला त्या रात्रीतली एकच गोष्ट छळते. पहिली गाडी पडली तेव्हा मागच्या गाडीला ते कळायला काहीच मार्ग नव्हता. अंधार, पाऊस, वायपर चालू, हेडलाइटच्या पुढे पंचवीस-तीस मीटर रस्ता दिसतोय, आणि तो संपलाय. पुलाजवळच्या लोकांच्या लक्षात आलं, त्यांनी पोलिसांना कळवलं, मग रस्ता बंद झाला. म्हणजे इशारा माणसांनी दिला. गाडीने गाडीला काही सांगितलं नाही, कारण गाड्यांना बोलता येत नव्हतं.

मग गाड्यांना बोलायला शिकवा, की झालं! असं कुणालाही वाटेल. आजचा भाग त्याच्या पुढच्या अडचणीबद्दल आहे. सगळ्या गाड्या बोलायला लागल्या तर काय होतं?

तसं बघायला गेलं तर आपल्या घाटात गाड्या कायमच बोलत आल्यात. पोलादपूर सोडलं की कशेडी घाट. वळणावर "हॉर्न वाजवा" ही पाटी. वरून येणारा ट्रक हॉर्न देतो, खालचा थांबतो. रात्री डिपर मारून सांगायचं, ये किंवा थांब. ट्रक बंद पडला तर क्लीनर झाडाची हिरवी फांदी तोडून मागे पन्नास पावलांवर टाकणार, सोबत दोन दगड. फांदी दिसली की पुढे काहीतरी आहे, हे कुठल्याही ड्रायव्हरला शिकवावं लागत नाही. (दगड मात्र नंतर कुणी उचलत नाही, आणि रात्री त्यावरच बाईक जाते. तो वेगळा विषय.)

आता तोच हॉर्न महाडच्या बाजारपेठेत संध्याकाळी सहाला ऐका. रिक्षा, बाईक, टेम्पो, सगळे वाजवतायत. त्यातला एखादा हॉर्न खरंच "बाजूला हो, ब्रेक लागत नाहीये" असं सांगणारा असला तरी तुम्ही वळून बघणार नाही. घाटात एक हॉर्न म्हणजे निरोप. बाजारात शंभर हॉर्न म्हणजे नुसता गोंगाट. हवा तीच, हॉर्न तोच, फक्त बोलणारे वाढले.

रेडिओच्या लहरींचं अगदी हेच आहे, आणि याची किंमत जगाने फार पूर्वी मोजलीय. १४ एप्रिल १९१२, टायटॅनिक. सिनेमा तुम्ही पाहिलाय, पण वायरलेसच्या खोलीत काय चाललं होतं ते बघा. ऑपरेटर जॅक फिलिप्स प्रवाशांच्या खासगी तारा केप रेस इथल्या स्टेशनला पाठवत बसला होता. दिवसभराचा ढीग साचलेला. जवळच कॅलिफोर्नियन नावाचं जहाज बर्फात थांबलं होतं. त्याचा ऑपरेटर सिरिल इव्हान्स याने कळवलं, आम्ही थांबलोय, चहूबाजूंनी बर्फ आहे. जहाज जवळ असल्यामुळे हा संदेश फिलिप्सच्या कानात इतक्या जोरात आदळला की केप रेसचं बोलणं बुडालं. फिलिप्सने त्याला गप्प बसायला सांगितलं. इव्हान्सने थोड्या वेळाने सेट बंद केला आणि झोपायला गेला. तासाभराच्या आत टायटॅनिक हिमनगाला धडकलं.

म्हणजे इशारा देणारा होता, यंत्र होतं, आणि संदेश कानापर्यंत पोचलाही होता. नव्हती फक्त एक शिस्त, की कुणी कधी बोलायचं आणि कशाला आधी वाट द्यायची. पुढे समुद्रावर ती शिस्त आली. धोक्याच्या संदेशासाठी ठेवलेल्या ५०० किलोहर्ट्झवर दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. जहाजावरच्या घड्याळाच्या तबकडीवर ती तीन-तीन मिनिटं लाल रंगात रंगवलेली असायची. मला हे घड्याळ भयंकर आवडतं.

पण ही झाली माणसांची शिस्त. यंत्रांनी आपापसात ती कशी पाळायची? तो प्रश्न १९७१ मध्ये हवाईत आला. नॉर्मन अब्रॅमसन नावाच्या प्राध्यापकाने बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडली. नाव ठेवलं अलोहानेट. नियम एकदम साधा होता. बोलायचंय? बोल. दोघं एकदम बोलले आणि संदेश एकमेकांवर आपटले, तर थोडं थांबून परत बोल. हिशोब केल्यावर कळलं की या पद्धतीत हवेची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमताच कामी येते. त्याच्या पलीकडे बोलणारे वाढवले तर काम वाढत नाही, उलट घटतं. मग सुधारणा आली, बोलण्याआधी ऐक, हवा मोकळी असेल तरच बोल. तुमच्या घरातलं वाय-फाय आजही बऱ्याच अंशी याच सवयीवर चालतं.

इंटरनेटलाही हा दणका बसलाय. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. दोघांमधलं अंतर किती? साधारण चारशे यार्ड. चालत जाऊन सांगितलं असतं तर लवकर पोचलं असतं. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय काढला. गर्दी जाणवली की प्रत्येकाने स्वतःहून आपला वेग कमी करायचा. वर बसून कुणी ट्रॅफिक हवालदार सांगणार नाही.

आता गाड्यांकडे येऊ. अमेरिकेने १९९९ मध्ये ५.९ गीगाहर्ट्झचा ७५ मेगाहर्ट्झ रुंद पट्टा रस्ते-सुरक्षेसाठी राखून ठेवला. त्यावर पुढे बरीच वर्षं काम झालं आणि एक पद्धत ठरली. प्रत्येक गाडी सेकंदाला दहा वेळा सांगणार, मी इथे आहे, इतका वेग आहे, या दिशेला तोंड आहे, ब्रेक दाबलाय की नाही. टॉवर नाही, सिम नाही, रिचार्ज नाही. गाडी थेट आसपासच्या गाड्यांशी बोलते.

ऐकायला झकास. पण हा संदेश कुणा एकाला नसतो, "ऐका हो ऐका" अशी दवंडी असते. फोनवर आपण "काय म्हणालास?" असं विचारतो, तसं दवंडीला कुणी उलट विचारत नाही. दोन संदेश आपटून फुटले तर पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. आणि घाटात त्याहून गंमत. ५.९ गीगाहर्ट्झच्या लहरी डोंगराला वळसा घालून फारशा जात नाहीत. वळणाच्या अलीकडचा ट्रक आणि पलीकडची एसटी एकमेकांना ऐकू शकत नाहीत, म्हणून दोघांनाही हवा मोकळी वाटते. दोघं एकदम बोलतात. नेमक्या वळणावर असलेल्या बाईकवाल्याला मात्र दोन्ही संदेश एकदम येतात, म्हणजे एकही कळत नाही.

चला, एक गणित करू. गणपतीच्या आदल्या दिवशी महाडला अडकलेल्या प्रत्येकाला हे जमेल. महामार्गाच्या चार लेन तुंबल्यात. तुमच्या गाडीच्या पुढे-मागे तीनशे-तीनशे मीटर, म्हणजे सहाशे मीटर पकडा. मोकळ्या जागेसकट एका गाडीला आठ मीटर. एका लेनमध्ये ७५ गाड्या, चारांत ३००. प्रत्येकीचे सेकंदाला १० संदेश, म्हणजे ३०००. एक संदेश साधारण ३०० बाइटचा. सेकंदाला ६० लाख बिटच्या वेगाने तो पाठवायला, मधल्या फटी धरून, अर्धा मिलिसेकंद लागतो. सगळ्यांनी एसटी स्टँडवरच्या रांगेसारखी शिस्त पाळली तरी (हसू नका) सेकंदात २००० च्या वर संदेश मावत नाहीत. आपल्याकडे आहेत ३०००. आणि त्या गर्दीत समोरच्या ट्रकचे ब्रेक फेल झाल्याचा एक संदेश आहे.

म्हणजे यंत्रणा नेमकी कधी कोलमडणार? रस्त्यावर सगळ्यात जास्त गाड्या असतील तेव्हा.

यावरचे उपाय म्हणजे परत तीच जहाजांची आणि इंटरनेटची शिकवण. प्रत्येक गाडी हवा किती वेळ भरलेली आहे हे सतत मोजत असते. युरोपने २०११ मध्ये याचे नियम लिहिले. हवा मोकळी, कामात, किंवा तुंबलेली, आणि त्या त्या अवस्थेत किती बोलायचं ते ठरलेलं. अमेरिकन नियमावलीने आणखी बारीक विचार केला. आपल्या शंभर मीटरच्या आत २५ पेक्षा जास्त गाड्या असतील तर त्या प्रमाणात बोलणं कमी करायचं, अगदी ६०० मिलिसेकंदांतून एकदा इतकं. आपल्या गणितात शंभर मीटरच्या आत साधारण १०० गाड्या येतात, म्हणजे ४०० मिलिसेकंदांतून एकदा, सेकंदाला अडीच संदेश. ३०० गाड्यांचे झाले ७५०. मावले की आरामात! शिवाय हवा फारच भरली तर आवाजही खाली आणायचा, म्हणजे पाठवण्याची ताकद कमी करायची. तुंबलेल्या रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरवरच्या गाडीला तुमचं ऐकून करायचंय काय?

यातली मला सगळ्यात हुशार वाटणारी युक्ती वेगळीच आहे. गाडी मनातल्या मनात विचार करते, माझ्या मागच्या संदेशावरून शेजाऱ्यांना मी आत्ता कुठे असेन असं वाटत असेल? मी तिथेच असेन, तर नव्याने सांगण्यासारखं काही नाही, गप्प बस. अंदाज चुकायला लागला, म्हणजे मी अचानक वळलो किंवा वेग बदलला, तर बोल. आणि जोरात ब्रेक मारावा लागला तर गर्दीबिर्दी काही बघू नकोस, तातडीने ओरड.

महाड एमआयडीसीत याचा उपयोग कुठे होईल ते बघा. शिफ्ट सुटायची वेळ, कंपनीच्या बसेस, शेकडो बाईक आणि त्यांच्यामधून रसायनाचा टँकर. टँकरच्या पाठीवर एक पाटी असते, तिच्यावर चार आकडे. १०१७ असेल तर आत क्लोरीन. पण ती पाटी वाचायला टँकरच्या जवळ जावं लागतं, आणि क्लोरीनच्या टँकरच्या किती जवळ जायचं हा प्रश्नच आहे. गाडीच बोलणारी असेल तर हे लांबूनच कळेल. पण मग वाद सुरू. टँकरला जास्त बोलू द्यायचं का? अॅम्ब्युलन्सला? आमदारांच्या ताफ्याला? सगळ्यांना सारखा वाटा देण्याची सूत्रं संशोधकांनी काढलीत, पण कुणाचा शब्द महत्त्वाचा हे काही सूत्र ठरवत नाही.

कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, मोबाइल आहे की! आपल्याकडे १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ठिकाण सांगणारं यंत्र आणि मदतीचं लाल बटण सक्तीचं आहे. चांगलंच आहे. पण ते बटण टॉवरमार्फत नियंत्रण कक्षाशी बोलतं, मागून येणाऱ्या गाडीशी नाही. आणि आमच्या भागात टॉवरचा भरवसा किती? २८ जुलै २०१८ ला पोलादपूरच्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. तीस जण गेले. वाचलेला एकजण दरी चढून रस्त्यावर आला, तेव्हा जगाला कळलं. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, तेव्हा महाड पाण्याखाली होतं, वीज नाही, फोन नाही. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला.

मग बोलणाऱ्या गाड्या असत्या तर सावित्रीवर काय झालं असतं? खरं सांगायचं तर मी छातीठोकपणे "वाचले असते" म्हणणार नाही. त्या रात्री हवेत गर्दी नव्हती, रस्ता जवळजवळ रिकामा होता. पण पडणाऱ्या गाडीने ब्रेक मारला असेलच असं नाही. तिचे संदेश नुसते थांबले असते, आणि संदेश थांबणं म्हणजे धोका असं यंत्राला वाटत नाही, गाडी वळणाआड गेली असंच वाटतं. तिथे पुलालाच बोलता यायला हवं होतं. म्हणजे पुलावर सेन्सर आणि रस्त्याकडेला रेडिओ. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला. पण सावित्रीचा धडा आणि गणपतीच्या गर्दीचा धडा एकच नाही. एकीकडे सांगणाराच नव्हता, दुसरीकडे सगळेच सांगणार आहेत.

जगात हे कुठवर आलंय? युरोपात २०१९ च्या अखेरीपासून नवी गोल्फ ही बोलणारी गाडी म्हणून विकली जातेय. अमेरिकेने सगळ्या गाड्यांना सक्ती करायचा प्रस्ताव २०१६ मध्ये मांडला, तो पुढे गेलाच नाही. २०२० मध्ये तर त्या ७५ मेगाहर्ट्झमधले ४५ वाय-फायला देऊन टाकले. वीस वर्षं राखून ठेवलेली जागा वापरली नाही, तर दुसरा टपरी टाकणारच. गर्दीचं गणित त्यामुळे आणखी अवघड झालं, कारण उरलेल्या ३० मेगाहर्ट्झमध्येच सगळं बसवायचंय.

आपल्या कशेडीत आता बोगदा झालाय, जुन्या घाटातली वर्दळ कमी झालीय. त्यामुळे एक विनंती. महाड, पोलादपूर, खेड इकडच्या कुणाच्या घरात जुने ट्रक किंवा एसटी ड्रायव्हर असतील, तर घाटातल्या रात्रीच्या डिपरच्या खुणा त्यांच्याकडून समजून घ्या. एकदा मारला तर काय, दोनदा मारला तर काय. आणि व्हॉइस नोट पाठवा. माझ्याकडे आत्तापर्यंत दोन काकांचं म्हणणं आलंय, आणि दोघांचे अर्थ बरोबर उलटे आहेत.