वेदनेचे माप

स्त्री जात्याच सोशिक, असे एका तोंडाने म्हणावयाचे आणि ती थोडक्या दुखण्यानेही कण्हते, असे दुसऱ्या तोंडाने म्हणावयाचे, ही जगाची जुनी रीत आहे. या दोन्ही मतांचा परिणाम मात्र एकच होत आला. तिच्या वेदनेवर औषध देण्याची घाई फारशी कोणास वाटली नाही.

१८४७ साली एडिंबरो येथील प्रसूतिवैद्य जेम्स यंग सिम्प्सन यांनी प्रसूतीच्या वेळी प्रथम ईथर व पुढे क्लोरोफॉर्म हुंगविण्यास आरंभ केला. हव्वेला मिळालेल्या शापाप्रमाणे स्त्रीने क्लेशानेच प्रसवले पाहिजे, असा आक्षेप निघाला. सिम्प्सन यांनी त्याच वर्षी पुस्तिका काढून उत्तर दिले. ज्या हिब्रू शब्दाचा अर्थ यातना असा केला जातो, त्याचा अर्थ श्रम असा आहे. शिवाय आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वरानेच त्यास गाढ निद्रा आणली होती, असे त्यांचे म्हणणे होते. फिलाडेल्फियाचे नामांकित प्रसूतिवैद्य चार्ल्स मेग्ज यांचा विरोध निराळ्या कारणाने होता. प्रसववेदना स्वाभाविक व हितकर आहे, असे ते मानीत.

७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला आठवे अपत्य झाले. त्या वेळी डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर क्लोरोफॉर्मचे थेंब टाकून ५३ मिनिटे तो तिला हुंगविला. राणीनेच भूल घेतल्यावर विरोधाची धार बोथट झाली.

तथापि स्त्रीला औषध मिळणे वेगळे आणि ते औषध तिच्या शरीरावर पारखले जाणे वेगळे. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली, आणि १९६१ साली ते बाजारातून काढून घेण्यास सुरुवात झाली. अशा अनुभवांनी सावध होऊन १९७७ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने अपत्यक्षम स्त्रियांना नव्या औषधांच्या प्रारंभीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. हेतू रक्षणाचा होता. परंतु त्यामुळे औषधांची पहिली पारख बहुतांशी पुरुषांच्या शरीरावर होत राहिली. प्रयोगशाळांतही वेदनेचा अभ्यास मुख्यतः नर उंदरांवरच चाले. १९९३ साली ती सूचना मागे घेण्यात आली आणि सरकारी साह्याच्या वैद्यकीय संशोधनात स्त्रियांचा समावेश करण्याचा कायदाही झाला.

मग जे दिसले ते विचार करावयास लावणारे होते. १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना नाल्ब्युफीन व ब्युटॉर्फनॉल ही वेदनाशामके दिली, तेव्हा पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक आराम पडला. पुढे १९९९ साली तर नाल्ब्युफीनच्या अल्प मात्रेने पुरुषांची वेदना उलट वाढल्याचे आढळले. २०१५ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मज्जारज्जूतील विशिष्ट पेशींचे कार्य रोखून पाहिले. नरांची वेदना ओसरली, माद्यांची ओसरली नाही. वेदनेची वाटच दोघांत काहीशी निराळी असावी, असा याचा अर्थ.

मग अधिक सोसतो कोण? उष्णतेच्या व दाबाच्या प्रयोगांत स्त्रिया सरासरीने लवकर वेदना सांगतात, हे खरे. पण व्यक्तिव्यक्तींतील फरक मोठा असून दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत पुष्कळ मिसळलेले असतात. शिवाय १९९१ सालच्या एका प्रयोगात थंडगार पाण्यात हात बुडविलेल्या पुरुषांनी परीक्षक स्त्री असता कमी वेदना सांगितली. अर्थात सांगितलेल्या वेदनेत शरीराबरोबर समाजाची शिकवणही बोलते.

२००८ साली मेग्ज यांच्याच फिलाडेल्फियात तातडीच्या उपचारासाठी आलेल्या पोटदुखीच्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. स्त्रीपुरुषांनी सांगितलेली वेदना सारखीच होती. तरी वेदनाशामकासाठी साधारणतः पुरुषांना ४९ मिनिटे व स्त्रियांना ६५ मिनिटे थांबावे लागले. प्रयोगशाळेतील माप आता सुधारू लागले आहे. रुग्णाच्या खाटेपाशी विचारण्याची व ऐकण्याची रीत अद्याप सुधारावयाची आहे.