परळची प्रयोगशाळा, वाशीचं पाळणाघर

मंडळी, आपल्या वाशीला इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनची इमारत आहे. नोकरदार मुलींचं वसतिगृह, पाळणाघर म्हणून ती बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण पाटीवर ‘सायंटिस्ट’ का, हे फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आज तेच सांगते. (मी बी.ए. मराठीवाली, तेव्हा विज्ञान माझ्या भाषेत!)

कमल समर्थ १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं, नवराही डॉक्टरच करावा, अशी त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही ऐकलं नाही. नवरा केला गणितज्ञ, आणि १९४३ साली एम.एस्सी. केलं ते सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर.

मग कमलताई रणदिवे मुंबईत आल्या. १९४९ साली मिळालेली पीएच.डी. मुंबई विद्यापीठाची, पण काम झालं परळच्या टाटा हॉस्पिटलात, डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली. खानोलकरांनीच त्यांना अमेरिकेला जायला सुचवलं. बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतीसंवर्धन शिकल्या, म्हणजे शरीरातल्या जिवंत पेशी बाहेर काचेच्या भांड्यात पोसणं. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या, तिला न विचारता घेतलेल्या पेशी वाढल्या. आजही त्या जगभर वापरात आहेत. असो, तो वेगळा विषय.

परत येऊन कमलताईंनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर, कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केलं. १९६६ ते ७० संचालकपदाची धुराही सांभाळली.

पण मला जास्त मोठं वाटतं ते १९७३ सालचं काम. अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी ही संघटना काढली. पेशी काही घड्याळ बघून वाढत नाहीत. पण त्या बघायला थांबलेल्या बाईचं मूल कुणी सांभाळायचं? माझ्या किती हुशार विद्यार्थिनी बी.एस्सी.पर्यंत पोचल्या, आणि पुढचं ‘घरचं बघून’ राहिलं. सूक्ष्मदर्शकाइतकंच पाळणाघरही संशोधनाचं साधन आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

परळची ती संशोधन संस्था २००२ साली ‘अ‍ॅक्ट्रेक’ म्हणून खारघरला आली. तिथे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची जीवशास्त्रातली पीएच.डी. करता येते. भाचरांनो, वाशीहून पनवेल गाडीने सहावं स्टेशन.