गुरू आणि ताण : बॅरिटोन गिटारच्या तारेविषयी

शब्दापासून आरंभ करणे हा आमचा जुना दोष आहे. वाचकांनी तो पुन्हा एकदा सोसावा. 'बॅरिटोन' हा शब्द मुळात ग्रीक. त्याचा पूर्वार्ध 'बारुस' म्हणजे जड, आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो आपल्या 'गुरु' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. उत्तरार्ध 'टोनोस' हा ताणणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. 'तंतू', 'तंत्री', 'तान' आणि आपला रोजचा 'ताण' ही सारी त्याच कुळातली मंडळी. छंदशास्त्राच्या तासाला लघु-गुरू शिकवताना हा सोयरसंबंध आम्हांला कधी आठवला नव्हता. विजेवर वाजणाऱ्या एका काहीशा दुर्लक्षित गिटारचा इतिहास चाळताना तो ध्यानात आला. कारण 'जड' आणि 'ताण' यांचा मेळ कसा बसवायचा, हाच त्या वाद्यापुढचा मुख्य प्रश्न होता.

प्रश्न साधा आहे. नटापासून ब्रिजपर्यंत मोकळी कंप पावणारी तारेची लांबी म्हणजे 'स्केल लेंथ'. फेंडरच्या नेहमीच्या गिटारवर ती साडेपंचवीस इंच असते, गिब्सनच्या बहुतेक गिटारवर पाऊण इंचाने कमी. मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ च्या आपल्या ग्रंथात तारेचे नियम मांडले : लांबी वाढली की स्वर उतरतो, ताण वाढला की चढतो, तार जड केली की पुन्हा उतरतो. आता गिटारची सर्वांत खालची तार नेहमीच्या 'ई'वरून पाच अर्धस्वर उतरवून 'बी'वर आणायची आहे, असे समजू. कंपनसंख्या सुमारे ८२ वरून ६२ वर येते. तार तीच ठेवून नुसती खुंटी सैल केली, तर ताण मूळच्या ५६ टक्क्यांवर घसरतो. तार लुळी पडते, पडद्यांवर खडखडते, आणि आघात होताच तिचा स्वर क्षणभर चढून मग खाली येतो. तोच ताण राखायचा, तारही तीच ठेवायची, तर लांबी चार-तृतीयांश करावी लागेल. साडेपंचवीसचे चार-तृतीयांश म्हणजे बरोबर चौतीस इंच. फेंडरने १९५१ साली आणलेल्या प्रिसिजन बास गिटारची लांबीही चौतीस इंचच आहे! पण चौतीस इंचांवर गिटारचे सुरावटीचे बोट चालत नाही. पडद्यांतली अंतरे हाताबाहेर जातात.

तेव्हा तडजोड आली. बॅरिटोन गिटारची लांबी साधारण सत्तावीस ते तीस इंच. सत्तावीस इंचांवर 'बी' लावला तर जुन्या तारेचा ताण ६३ टक्के भरतो, तीस इंचांवर ७८. उरलेली उणीव तार जाड करून भरून काढायची. मिरजेच्या तंबोऱ्यांत पुरुषी आणि बायकी असा भेद असतो, पुरुषी तंबोरा लांब असतो आणि खर्जाची तार पितळी व जाड असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण तार जाड करण्याची एक किंमत असते. जाड तार ताठ होते, आणि ताठ तारेचे वरचे उपस्वर पूर्णांकी प्रमाणात राहत नाहीत, किंचित चढे होतात. नाद मळका वाटू लागतो. म्हणूनच लांबीचे एकेक इंच मोलाचे.

या घराण्याचा मूळपुरुष न्यू जर्सीतल्या डॅनइलेक्ट्रो या स्वस्त गिटार बनवणाऱ्या कंपनीत जन्मला. नेथन डॅनियल यांच्या या कंपनीच्या गिटारी सिअर्सच्या दुकानांतून निराळ्या नावाने खपत. अंग हार्डबोर्डचे आणि चुंबकाचे आवरण लिपस्टिकच्या नळीचे. तिने १९५६ मध्ये सहा तारांचा 'बास' आणला, गिटारपेक्षा एक सप्तक खाली लावलेला. फेंडरचा तीस इंची 'बास सिक्स' १९६१ चा. बासवादकांनी या वाद्याला फारसे जवळ केले नाही. त्यांना त्याच्या तारा दाटीवाटीच्या वाटत. पण नॅशव्हिलच्या स्टुडिओंत त्याला जागा मिळाली. उभ्या बासच्या जोडीला तोच स्वर हे वाद्य हाताच्या तळव्याने दाबून, नखीने वाजवी. उभा बास वजन देई, हे वाद्य स्वराला धार देई. त्या टिकटिकणाऱ्या आवाजावरून त्याचे नावच 'टिक-टॅक बास' पडले. पॅट्सी क्लाइनच्या १९६१ च्या 'क्रेझी' या गाण्यात ते हॅरॉल्ड ब्रॅडली यांनी वाजवले. ते गाणे ज्यांना तोंडपाठ आहे, अशांपैकी कितीजणांना हे नाव ठाऊक असेल, याची आम्हांला शंका आहे. ड्युएन एडी यांनी मात्र हे वाद्य १९६० च्या सुमारास पुढे आणून त्यावर धूनच वाजवली. आणि ग्लेन कॅम्बेल यांच्या १९६८ च्या 'विचिटा लाइनमन'मधला तो रुंद, एकाकी सोलो? तो कॅरल के या स्टुडिओ-वादिकेकडून मागून घेतलेल्या डॅनइलेक्ट्रोवर वाजवलेला आहे. उसन्या वाद्याची कीर्ती उसने घेणाऱ्याला लाभली, ही रीत साहित्यातही आपण पाहतोच.

दुसरी वाट अगदी उलट दिशेने निघाली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली टोनी आयोमी या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. प्लॅस्टिकच्या बाटलीचे बूच वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, हलक्या तारा शोधल्या, आणि पुढे ब्लॅक सॅबथच्या 'मास्टर ऑफ रिऐलिटी' (१९७१) या संग्रहातल्या काही गाण्यांत सारे वाद्य तीन अर्धस्वर खाली उतरवले. तारेचा ताण सुमारे ७१ टक्क्यांवर आला. डॅनइलेक्ट्रोने लांबी वाढवून ताण राखला. आयोमीने लांबीला हात न लावता ताण सोडून दिला, कारण दुखऱ्या बोटांना तेच हवे होते. समीक्षक या संगीतातल्या अंधाराचे, सैतानाचे, औद्योगिक शहराच्या विषादाचे पुष्कळ अर्थ लावतात. आम्हीही लावले आहेत. पण अर्थाच्या आधी त्या बोटांची वेदना होती, हे विसरून केलेले विवेचन अपुरे ठरते, असे आमचे मत आहे.

पुढचे थोडक्यात. आयबनेझने १९९० मध्ये सात तारांची 'युनिव्हर्स' काढली. लांबी मात्र जुनीच, साडेपंचवीस. कॉर्नने १९९४ च्या पहिल्या संग्रहात सातवी तार 'ए'पर्यंत नेली. स्वीडनच्या मेशुगाने 'नथिंग' (२००२) नंतर २००६ मध्ये आठ तारांच्या गिटारींवर पुन्हा ध्वनिमुद्रित केले. त्यांच्या नावाच्या गिटारीची लांबी जवळजवळ साडेएकोणतीस इंच आहे, म्हणजे १९५६ च्या त्या स्वस्त वाद्याच्या आसपासच. गंमत अशी, की इतक्या खालच्या तारेचा मूळ स्वर गिटारचा नेहमीचा स्पीकर पुरेसा देतच नाही. आपला कान उपस्वरांवरून तो अनुमानाने ऐकतो. तो गुरू स्वर बव्हंशी ऐकणाऱ्याच्या मनातच पूर्ण होतो.

आणखी एक वाट उरली होती : प्रत्येक तारेला तिची स्वतंत्र लांबी द्यायची, खर्जाला लांब, तार स्वराला आखूड, आणि त्यासाठी पडदे पंख्यासारखे तिरपे बसवायचे. राल्फ नोव्हॅक यांना अमेरिकेत अशा गिटारचे पेटंट १९८९ मध्ये मिळाले. एलिझाबेथकालीन इंग्लंडातून आलेल्या ऑर्फेरियन या तंतुवाद्याच्या सतराव्या शतकातील नमुन्यांत पडदे असेच तिरपे आढळतात.