विनोदी रहस्यनाट्याचे नभोनाट्य-रूपांतर

रंगमंचासाठी लिहिलेल्या विनोदी रहस्यनाट्याचे रेडिओसाठी केलेले श्राव्य रूप. जॉर्ज एम. कोहन यांच्या ‘सेव्हन कीज टू बाल्डपेट’ (१९१३) या नाटकाचे रेडिओरूप हे याचे ठळक उदाहरण. अर्ल डेर बिगर्स यांच्या कादंबरीवरून लिहिलेल्या या नाटकात एक लेखक चोवीस तासांत कादंबरी पुरी करण्याची पैज लावून हिवाळ्यात बंद पडलेल्या हॉटेलात जातो. तिथे एकामागून एक किल्लीधारक येऊ लागतात. १९३८ मध्ये अमेरिकेतील ‘लक्स रेडिओ थिएटर’ने त्याचा प्रयोग विनोदी नट जॅक बेनी यांना घेऊन सादर केला.

रंगमंचावर पडद्याआड लपलेला माणूस दिसतो, म्हणून प्रेक्षक हसतो. रेडिओवर तेच पावलांनी, कुलपातल्या किल्लीच्या आवाजाने, अर्धवट तुटलेल्या वाक्याने कळवावे लागते. पात्रे कमी करून प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवावा लागतो. नाहीतर संशयितच ओळखू येत नाहीत. भीतीसाठी शांतता लागते, विनोदासाठी वेग. हा तोल साधणे हेच रूपांतरकाराचे खरे कसब.

असे नाटक घरोघर पोहोचायचे तर आधी रेडिओ हवा. मुंबईतून नियमित रेडिओ प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. मुंबईपासून दूरचा परभणी जिल्हा मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची ‘डेक्कन रेडिओ’ ही नभोवाणी १९५० मध्ये आकाशवाणीत विलीन झाली आणि १९६८ मध्ये परभणीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. नाट्यगृह दूर असलेल्या गावांतही नाटक घरबसल्या ऐकता येणे, हे नभोनाट्याचे मोठे सामर्थ्य होय.