गोळेश्वरचा गुडघा : भौतिकोपचार साताऱ्या-सांगलीत कसा रुजला?

१/१२
१९५२, हेलसिंकी. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकतात. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे ऑलिंपिक १९५६ साली मेलबर्नला होते. पण गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे खाशाबा तेथे उतरू शकले नाहीत. आज त्याच कराडमध्ये दुखावलेला गुडघा पुन्हा चालता करण्याची विद्या विद्यापीठात शिकवली जाते. मधल्या अर्धशतकाचा हा इतिहास.

२/१२
या भागात व्यायामाची वाण कधीच नव्हती. गावोगावी तालमी होत्या, मालीश होते, निखळलेला सांधा बसवणारे हाडवैद्य होते. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्कार शाळांमध्ये नेले आणि त्यावर इंग्रजीतही पुस्तक लिहिले. ही सारी परंपरा मुख्यतः धडधाकट शरीरासाठी होती. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताला रोज कोणता व्यायाम, किती वेळा आणि किती जोर लावून द्यायचा, हे शास्त्र निराळे होते.

३/१२
हे शास्त्र युरोपात आकाराला आले. १८९४ मध्ये लंडनमधील चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालीशकर्त्या स्त्रियांची संस्था स्थापली. मालीशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे व्यवसायाची बदनामी होत होती. तिला परीक्षा आणि प्रमाणपत्र हे त्यांचे उत्तर होते. पुढे पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांनी आणि पोलिओच्या साथींनी या व्यवसायाला रुग्णालयात कायमची जागा मिळवून दिली.

४/१२
योगायोग असा की, त्याच १८९४ साली मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय उभे राहिले. शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे रुग्ण मिरजेला येऊ लागले. कुष्ठरुग्णांसाठीही तेथे सोय झाली. सांगली-मिरजेची ‘वैद्यकीय पंढरी’ ही ओळख येथून सुरू होते. मात्र शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होण्यास भारतात आणखी अर्धे शतक जावे लागले.

५/१२
भारतातील आरंभबिंदू मुंबई. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्यासाठी उपचार शोधताना या आईला इतर मुलांची परवड दिसली आणि १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत उपचार केंद्र सुरू केले. पाठोपाठ शहरात पोलिओची मोठी साथ आली. हजारो पावलांना आधार हवा होता आणि तो देणारे प्रशिक्षित हात अगदी मोजके होते.

६/१२
त्यातून १९५३ मध्ये केईएम रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. मुंबई महापालिकेला त्यासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य लाभले. १९५५ मध्ये हाजी अली येथे भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. त्याच वर्षी भौतिकोपचारतज्ज्ञांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. खाशाबांचा गुडघा दुखावला तेव्हा ही विद्या मुंबईत नुकती पाय रोवत होती.

७/१२
मग ती कृष्णाकाठी यायला इतका काळ का लागला? कारण असे शिक्षण एकटे उभे राहत नाही. विद्यार्थ्याला अस्थिरोग, मेंदूविकार, हृदयरोग, बालरोग अशा सर्व कक्षांतले रुग्ण पाहावे लागतात. म्हणजे आधी मोठे रुग्णालय आणि त्याला जोडलेले महाविद्यालय हवे. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये झाले. पण राज्यभरातील एकूण जागा गरजेच्या मानाने तोकड्याच राहिल्या.

८/१२
कोंडी फुटली ती एका धोरणाने. १९८३ मध्ये मूळचे सांगलीचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली. कराडमध्ये जयवंतराव भोसले यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये कृष्णा रुग्णालय उभे राहिले होते. १९८४ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालयाची जोड मिळाली. शिक्षण जिल्ह्यात आले, पण फीचा प्रश्नही सोबत आला. हा वाद आजही संपलेला नाही.

९/१२
पुढचा टप्पा विद्यापीठाचा. वैद्यकीय शिक्षण आधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होते. १९९८ मध्ये नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि ते तिकडे गेले. २००५ मध्ये कराडच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेच आजचे कृष्णा विश्व विद्यापीठ. भौतिकोपचार ही त्याची एक विद्याशाखा. मिरजेत वानलेस रुग्णालयाच्या छत्राखालीही भौतिकोपचाराचे महाविद्यालय निघाले.

१०/१२
पदविकेपासून सुरू झालेला हा अभ्यासक्रम साडेचार वर्षांची पदवी, त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आणि मग संशोधन असा वाढत गेला. रुग्णही बदलले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. ज्या आजारामुळे येथे हा व्यवसाय उभा राहिला, तो आजार हटला. त्याची जागा अर्धांगवायू, गुडघ्यांची झीज, अपघात आणि अतिदक्षता विभागातील श्वसनोपचार यांनी घेतली. कोविडकाळात तर ‘मालीशवाले’ हा जुना गैरसमज अनेकांच्या मनातून पुसला गेला.

११/१२
कायदा मात्र सावकाश चालला. महाराष्ट्राने भौतिकोपचार व व्यवसायोपचार यांच्या परिषदेसाठी २००२ चा कायदा केला. देशपातळीवर सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा व्हायला २०२१ साल उजाडले. लंडनच्या चार परिचारिकांनी १८९४ मध्ये विचारलेला प्रश्नच येथे पुन्हा समोर होता : शिकलेला कोण आणि न शिकलेला कोण, हे रुग्णाने ओळखायचे कसे?

१२/१२
आता खरी कसोटी कृष्णाकाठच्या उसाच्या फडात आहे. तोडणी कामगार दिवसभर वाकून कोयता चालवतो, डोक्यावर मोळी वाहतो आणि त्याची मजुरी टनावर ठरते. भौतिकोपचार एका गोळीत उरकत नाही. पुन्हा पुन्हा यावे लागते, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. अशा कमरेवरचा उपचार रुग्णालयाच्या दारात वाट पाहून होणार नाही. शिकलेल्या हातांनाच फडापर्यंत जावे लागेल. खाशाबांच्या वेळी विद्या मुंबईत होती आणि गुडघा गोळेश्वरला. आज ती कराडात आणि मिरजेत आहे. राहिलेले अंतर मैलांचे नाही, मजुरीचे आहे. आणि या इतिहासाचे पुढचे पान ते कापण्यावरच लिहिले जाईल.