चाकाची उंची आणि गाडीची उंची

ठाण्याची खाडी आणि पारसिकचा डोंगर ह्यांच्यामधील चिंचोळ्या पट्टींत दिघा वसलें आहे. खाडीकडे खाजणाचा चिखल आणि डोंगराकडे काळा पाषाण, अशी येथील जमिनीची दुहेरी घडण. औद्योगिक वसाहत झाली तरी ती पुरती झांकली गेलेली नाहीं. चिखलांत चाक रुततें, खडकावर गाडीचें पोट आपटतें. आडरानांत मोटार नेणारे हौशी लोक आज स्प्रिंगा उंचावून घेतात आणि मोठे टायर बसवितात, त्याचें मूळ ह्याच दोन अडचणींत आहे. परंतु ह्या दोन उपायांची गल्लत फार होते, आणि ती उकलण्यास जुन्या बैलगाडीपासून आरंभ करणें सोयीचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत दख्खनचा माल बहुतांशीं बैलांच्या पाठीवरून जाई. जे थोडे गाडे होते ते भरीव चाकांचे व बोजड. ते ओढावयास बैलांच्या अनेक जोड्या लागत. १८३६ च्या सुमारास लेफ्टनंट गेसफर्ड ह्या अंमलदारानें दोन बैलांना झेपेल अशी हलकी गाडी आंखली आणि सोलापूर जिल्ह्यांत टेंभुर्णी येथें अशा गाड्या होऊं लागल्या. गाडीवानास स्प्रिंग ठाऊक नव्हती. परंतु पांच फूट व्यासाच्या चाकाचा आंस जमिनीपासून अडीच फुटांवर राहतो, एवढें त्यास न शिकतां कळे. आंसाची उंची चाकाच्या निम्म्यानें ठरते. दुसऱ्या कशानेंही नव्हे.

हाच नियम जीपलाही लागू पडला. १९४० सालीं अमेरिकन लष्करानें १३५ कारखान्यांकडे लहान गाडीची मागणी केली. पहिला नमुना बँटम कंपनीनें दिला, तरी युद्धांतील गाड्या मुख्यतः विलिस व फोर्ड ह्यांनीं बनविल्या. विलिस जीपचा टायर सहा इंच रुंद, सोळा इंचांच्या रिमवरचा. बाहेरचा व्यास सुमारें अठ्ठावीस इंच. जमिनीपासून मोकळें अंतर पावणेनऊ इंच. शत्रूच्या नजरेस पडूं नये म्हणून गाडी बुटकी ठेविली होती. तिचें सामर्थ्य उंचींत नसून हलक्या वजनांत आणि चारही चाकांना मिळणाऱ्या ओढींत होतें. १९४५ मध्यें स्थापन झालेल्या आणि १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र हें नांव घेतलेल्या कंपनीनें हीच जीप मुंबईंत माझगांव येथें जुळविली. त्याच कंपनीच्या २०२० च्या ‘थार’ गाडीचें मोकळें अंतर २२६ मिलिमीटर, म्हणजे नऊ इंचांस किंचित् कमी! ऐंशी वर्षांत वाढ पाव इंचाचीही नाहीं, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां फेरफारांचा विचार करूं. जीपसारख्या अखंड आंसाच्या गाडीस दोन इंच उंच स्प्रिंगा घातल्या, तर सांगाडा दोन इंच वर जातो. आंसाच्या मध्यावरचा गोळा मात्र होता तेथेंच राहतो, आणि दगडावर आधीं आपटतो तो हाच गोळा. तो उचलावयाचा तर टायरच मोठा हवा. साडेतीस इंचांचा टायर काढून तेहतीस इंचांचा घातला, तर व्यास अडीच इंचांनीं वाढतो, पण आंस केवळ सव्वा इंच चढतो. एवढ्यासाठीं किंमत बरीच मोजावी लागते. ओढ सुमारें आठ टक्क्यांनीं घटते. ब्रेकांवर भार वाढतो. वेगदर्शक ६० दाखवीत असतां गाडी ६५ नें धांवत असते. उंचावलेली गाडी वळणावर कलंडण्याची भीति तर निराळीच. म्हणून आधीं टायर ठरवावा, आणि तो चाकाच्या कमानीस घांसूं नये इतपतच स्प्रिंग उंचवावी. दुकानदार बहुधा ह्याच्या उलट सांगतो.

चिखलाचीही तीच गोष्ट. मुरमावरचा पावसाळी राडा असेल, तर जीपचा अरुंद टायर तो कापून खालच्या कठीण थरास पोंचतो. खाजणासारख्या खोल चिखलांत रुंद टायर बरा. तेथेंही हवा कमी केली कीं टायर पसरतो व भार वांटला जातो, आणि ह्या उपायास एक पैही लागत नाहीं. परततांना हवा पुन्हा भरण्यास पंप मात्र बरोबर हवा.

शिवाय कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम कारखान्याच्या मूळ नोंदीशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं हें कलम कडक रीतीनेंच वाचलें. दिघ्याहून घाटाकडे निघालेली गाडी प्रथम ठाणें-बेलापूर रस्त्यावर उतरते. कड्यावरचा पहिला दगड फार पुढें असतो.