गिरणगावची तंत्रशाळा

लालबागमधल्या आमच्या चाळीत ‘एलटीएम’ ही अक्षरे मी शाळेत जाण्याआधीच ऐकली होती. ती कुठल्या तरी साहेबाच्या नावापुढे लागतात, एवढेच कळत होते. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. नवा विव्हिंग मास्तर आला की घरी येऊन सांगत, “एलटीएम आहे, माटुंग्याचा.” त्यात आदर असे आणि थोडी कुरकुरही. एलटीएम म्हणजे कापडनिर्मितीची पदविका आणि ‘माटुंग्याचा’ म्हणजे व्हीजेटीआयचा, हे पुढे समजले. या संस्थेचा इतिहास बहुधा तिच्या नामवंत विद्यार्थ्यांच्या अंगाने सांगितला जातो. मी तो साच्याजवळ उभा राहून पाहणार आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. भांडवल इथले, कापूस इथला, राबणारे हात कोकणातले आणि घाटावरचे. यंत्रे मात्र लँकेशायरची. ऑल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांकडून यंत्रे येत आणि ती उभारणारे, चालवून दाखवणारे मास्तरही तिकडूनच येत. त्यांचे पगार भारी असत. करार संपला की मास्तर मायदेशी परतत आणि त्यांच्याबरोबर त्यांची विद्याही जाई. मँचेस्टरशी स्पर्धा करायची आणि त्यासाठी लागणारे ज्ञान मँचेस्टरकडूनच विकत घ्यायचे, असा हा पेच होता.

त्यातून वाट काढण्यासाठी तंत्रशाळेची कल्पना पुढे आली. लॉर्ड रिपन १८८४ मध्ये भारतातून परतले, तेव्हा त्यांच्या स्मारकासाठी मुंबईकरांनी निधी उभारला होता. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांना तंत्रशिक्षणात रस होता आणि सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्यासारखे गिरणीमालक देणगी द्यायला तयार होते. या साऱ्यांतून भायखळ्यात ‘व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’ उभी राहिली. नाव राणीचे असले तरी गरज गिरणीची होती. म्हणूनच यंत्र-अभियांत्रिकी आणि कापडनिर्मिती हे तिथले सुरुवातीचे मुख्य विषय होते.

हा काळही ध्यानात घ्यावा. १८८७ मध्येच मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसने तंत्रशिक्षणाची मागणी केली. १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली. देशी उद्योग उभा करायचा तर पदवीधर कारकून पुरणार नाहीत, हे विचारी माणसांना पटू लागले होते.

संस्थेने ठरवलेले काम केले का? एस. एम. रतनागर यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात दिलेल्या आकड्यांनुसार, १८९५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांतल्या व्यवस्थापक आणि देखरेखीच्या जागांपैकी सुमारे ४२ टक्के जागा युरोपियनांकडे होत्या. १९२५ मध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांवर आले. मधल्या तीस वर्षांत गिरण्या वाढल्या, त्यामुळे देशी मास्तरांची संख्या टक्केवारीतून दिसते त्याहून बरीच वाढली होती. हे श्रेय एकट्या संस्थेचे नाही, पण तिचा वाटा मोठा आहे. १९२३ मध्ये ती माटुंग्याच्या प्रशस्त आवारात गेली, तेव्हा ती मुंबईच्या उद्योगाचा कणा झाली होती.

पण गिरणीत जिने दोन होते. पदविकेचे शिक्षण इंग्रजीतून होते आणि प्रवेशासाठी शालेय शिक्षण लागे. सुरुवातीच्या पिढ्यांत पारशी तरुण मोठ्या संख्येने होते. कोकणातून आलेल्या माणसाला गिरणीत शिरण्याचा जिना वेगळा : गावचा जॉबर. तोच कामाला लावी, दस्तुरी घेई, यंत्र बिघडले तर दुरुस्त करी आणि पोराला काम शिकवी. माझे वडील असेच शिकले. धोट्याचा आवाज बदलला की धागा कुठे तुटणार, हे त्यांना कळे. पण त्यांचे हे शिक्षण कोणत्याही कागदावर नव्हते. साहेबाला यंत्राचे गणित येई आणि वडिलांना यंत्राचा स्वभाव ठाऊक होता. एकाच खात्यात तीस पावलांच्या अंतरावर या दोन विद्या नांदत होत्या, तरी एकीला प्रमाणपत्र होते आणि दुसरीला फक्त हजेरी.

दोन जिन्यांमध्ये पूल बांधण्याचे प्रयत्न झाले, नाही असे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. पण दिवसपाळी करून आलेल्या माणसाला रात्री कंदिलाखाली बसवून साचा आणि पदविका यांतले अंतर मिटणार नव्हते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फसला आणि गिरण्या एकेक करून मिटत गेल्या, तेव्हा या अंतराची खरी किंमत कळली. पदविकेवाला दुसऱ्या गावी, दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकला. साचेवाल्याची विद्या त्या साच्याशीच जोडलेली होती. साचे भंगारात गेले, तेव्हा ती विद्याही वजनावर विकली गेली. वडिलांनी नंतर एका सोसायटीत रखवालदारी केली.

संस्था मात्र टिकली, कारण तिने वेळीच इतर शाखा वाढवल्या होत्या. १९९७ मध्ये तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव मिळाले, त्यामुळे ‘व्हीजेटीआय’ ही आद्याक्षरे तशीच राहिली. तिथे टेक्स्टाइलची शाखा आजही आहे. पण ज्या गिरण्यांसाठी ती सुरू झाली, त्यांच्या जागी लालबाग-परळमध्ये टॉवर उभे आहेत.

माझ्या मुलीला गुणवत्तेवर तिथे प्रवेश मिळाला. चाळीत पेढे वाटले. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. त्यांनी नातीला एकच प्रश्न विचारला, “साचे आहेत का गं तिथे अजून?” तिची शाखा इलेक्ट्रॉनिक्स. “बघून सांगते आजोबा,” ती म्हणाली. आमच्या घरातून माटुंग्याच्या त्या फाटकापर्यंत बसने जेमतेम अर्धा तास लागतो. आमच्या घराला तेवढे अंतर कापायला तीन पिढ्या लागल्या.